बीसीजी चालू असताना अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६३ वर्षांचे. उमेदीची पंचवीस वर्षं सोलापुरात सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेली, विडी दोन वर्षांपूर्वी सुटली. लघवी लाल झाली, दुखत मात्र काहीच नव्हतं. दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्ट मूत्राशयाच्या कर्करोगाचा: हाय ग्रेड, म्हणजे आक्रमक जातीचा, आणि टी-वन, म्हणजे गाठ मूत्राशयाच्या आतल्या थरांत आहे, स्नायूत शिरलेली नाही. आता मूत्राशयात सोडायच्या बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लसीचे, डोस सुरू व्हायचे आहेत. मुलीने नेटवर वाचलं की हा कर्करोग ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’मुळे होतो. नात्यातल्या कोणीतरी व्हिटॅमिन ई, सेलेनियम आणि ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटच्या बाटल्याही आणून दिल्या आहेत. द्यायच्या का?

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. ताई, देऊ नका. सेलेनियम आणि ग्लुटाथायोन उपचार पूर्ण होईपर्यंत नको, आणि व्हिटॅमिन ई त्यानंतरही नको.

माझ्या ओपीडीत हा प्रसंग महिन्यातून दोन-तीनदा येतो. रुग्णाचा मुलगा प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर रिकामी करतो आणि आठ-नऊ बाटल्या गडगडत बाहेर येतात. कशावर हळदीचा अर्क, कशावर द्राक्षाच्या बिया, कशावर नुसतंच ‘डिटॉक्स’. रुग्ण स्वतः गप्प असतो, कारण त्याला एवढ्या गोळ्या गिळायच्याच नसतात. यात कोणाची लबाडी असते असं नाही. माणसं घाबरलेली असतात आणि काहीतरी करायचं असतं. शिवाय तुम्ही जे वाचलंत त्यात खोटं काहीच नाही. फक्त त्यातून गोळ्यांपर्यंत मारलेली उडी चुकीची आहे.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणजे काय ते स्वयंपाकघरातच दिसतं. शेंगदाण्याचं कूट महिनाभर उघडं राहिलं की खवट होतं. तेलातल्या चरबीच्या रेणूंवर ऑक्सिजन हल्ला करतो, एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो आणि साखळी सुरू होते. आपल्या पेशींच्या आवरणातही अशीच चरबी असते आणि ती जवळपास तशीच खवटते. तेलाचा खवटपणा मोजताना प्रयोगशाळेत ज्या मॅलॉनडायअल्डिहाइडचा अंदाज घेतात, तेच रसायन रुग्णांच्या रक्तात आणि लघवीतही मोजलं जातं. हल्ला करणारे जे अर्धवट, अस्थिर रेणू असतात त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात, आणि त्यांना शमवणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट. शरीर ते रोज तयार करतं आणि रोज निस्तरतं. निस्तरण्यापेक्षा तयार होणं जास्त झालं, की त्याला आपण ताण म्हणतो.

चरबी खवटली तर पेशी फार तर मरेल. खरी पंचाईत डीएनएची. त्यातल्या गुआनीन या अक्षराला ऑक्सिजन चिकटला की पेशी दुप्पट होताना नक्कल करणारी यंत्रणा फसते आणि समोर सायटोसीनऐवजी अ‍ॅडेनीन बसवते. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स असतात, बहुतेक चुका ती पकडतात. सगळ्या नाही.

हे सगळं मूत्राशयातच एवढं का घडावं? कारण तिथे माल साठतो. रक्त फुफ्फुसातून, यकृतातून वाहून जातं, पण लघवी पिशवीत तासन्‌तास थांबते, रात्रभर तर थांबतेच. किडनीने रक्तातून गाळून घट्ट केलेलं सगळं विष आतल्या अस्तराला टेकून बसलेलं असतं. विडीचा धूर फुफ्फुसात जातो हे कोणालाही कळतं, पण त्यातली अ‍ॅरोमॅटिक अमाइन नावाची विषारी रसायनं रक्तात मिसळून, यकृतात थोडी बदलून, शेवटी लघवीत उतरतात हे सांगितलं की रुग्ण चकित होतात. “डॉक्टर, विडी तोंडात आणि कॅन्सर खाली कसा?” हा प्रश्न मी किती वेळा ऐकला असेल! धूम्रपान करणाऱ्यांना हा आजार होण्याचा धोका न करणाऱ्यांच्या साधारण तिप्पट-चौपट असतो.

वडिलांच्या कामाबद्दल तुम्ही एकाच ओळीत लिहिलंय, पण माझं लक्ष तिथेच अडकलं. १८९५ साली फ्रँकफुर्टमध्ये लुडविग रेन नावाच्या सर्जनने फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी दाखवून दिल्या. धंद्यामुळे होणाऱ्या कर्करोगांच्या इतिहासातलं ते मोठं पान. पुढे १९३८ मध्ये ह्यूपर या संशोधकाने रंगधंद्यातलं बीटा-नॅफ्थिलअमाइन हे रसायन देऊन कुत्र्यांमध्ये तसाच कर्करोग घडवून दाखवला, आणि १९५४ मध्ये ब्रिटनमधल्या रंग कामगारांच्या नोंदींतून बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन या दोन अ‍ॅरोमॅटिक अमाइनवरचा आरोप पक्का झाला. क्योटोमध्ये किमोनोवर नक्षी रंगवणारे कारागीर कुंचल्याचं टोक ओठांनी ओलं करत, त्यांच्यातही हा आजार जास्त आढळला. ही रसायनं दोन वाटांनी काम करतात. एक तर ती स्वतः डीएनएला चिकटतात, आणि दुसरं म्हणजे त्यांचे बदललेले रेणू फिरून फिरून फ्री रॅडिकल तयार करत राहतात. भारतात बेंझिडीनवर आधारलेल्या रंगांवर १९९०च्या दशकात बंदी आली. वडील त्याआधीपासून कामाला असतील तर हे केसपेपरवर लिहून घ्या. रंगाच्या डब्यापासून गाठीपर्यंत वीस-तीस वर्षं सहज जातात. त्यांच्या जोडीच्या कामगारांपैकी कोणाची लघवी कधी लाल झाली का, हेही वडिलांना विचारा. झाली असेल तर त्याला तपासायला पाठवा. न दुखता एकदाच पडलेलं आणि आपोआप थांबलेलं रक्तही तपासावंच लागतं.

पाण्यातला आर्सेनिक हे तिसरं कारण. महाराष्ट्रात तो प्रश्न फारसा नाही, पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात आहे. चिलीमधल्या अँटोफागास्ता शहराला १९५८ पासून ज्या नदीचं पाणी मिळू लागलं त्यात लिटरला ८६० मायक्रोग्रॅमच्या आसपास आर्सेनिक होतं. आजची मर्यादा १० आहे. १९७०च्या सुमारास शुद्धीकरण केंद्र बसलं, पण मूत्राशयाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यानंतर कित्येक दशकं चढेच राहिले. विडी सुटून दोनच वर्षं झालीत म्हणून ‘आता काय उपयोग’ असं वडील म्हणत असतील तर तसं नाही. सोडल्यावर धोका पहिल्या काही वर्षांतच खाली येऊ लागतो. पूर्ण शून्याला मात्र जात नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. नेटवरचे लेख वाचून असं वाटतं की हा आजार म्हणजे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि दुसरं काही नाही. गाठींचा डीएनए पूर्ण वाचून काढल्यावर चित्र वेगळं निघालं. मूत्राशयाच्या कर्करोगातल्या बदलांचा मोठा वाटा ‘एपोबेक’ नावाच्या आपल्याच एन्झाइम्सचा असतो. विषाणूंशी लढण्यासाठी ठेवलेली ही एन्झाइम्स भरकटून स्वतःच्याच डीएनएची अक्षरं बदलतात. ऑक्सिडेशन हा आरोपींपैकी एक आहे, एकटा नाही.

आता गोळ्यांकडे येतो, कारण या आजारातल्या गोळ्यांचा इतिहास फार बोलका आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेत लॅम यांच्या गटाने ६५ रुग्णांवर एक अभ्यास केला. सगळ्यांना बीसीजी, निम्म्यांना नेहमीच्या प्रमाणात जीवनसत्त्वं आणि निम्म्यांना प्रचंड डोस: ए, बी-सिक्स, सी, ई आणि झिंक. पाच वर्षांत गाठ परत येण्याचा अंदाज साध्या गटात ९१ टक्के, मोठ्या डोसच्या गटात ४१. आकडे इतके डोळे दिपवणारे होते की आमच्यापैकी अनेकांनी रुग्णांना जीवनसत्त्वं लिहून दिली. मीही दिली. मग तोच प्रश्न घेऊन जवळजवळ दसपट, म्हणजे ६७० रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०१० मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत काही फरक नाही. ६५ माणसांच्या अभ्यासात नशिबाचा भाग किती मोठा असू शकतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

त्यानंतरची गोष्ट थेट तुमच्या हातातल्या बाटल्यांची आहे. ब्रिटनमध्ये २००७ ते २०११ या काळात, स्नायूत न शिरलेला कर्करोग असलेल्या २७० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं वाटून सेलेनियम, व्हिटॅमिन ई, दोन्ही, किंवा नुसत्या खोट्या गोळ्या दिल्या गेल्या. साडेपाच वर्षांच्या आसपास लक्ष ठेवलं. निकाल २०२३ मध्ये छापून आला. सेलेनियमने गाठ परत येणं थांबलं नाही. आणि व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये परत येण्याचा धोका कमी होण्याऐवजी दीडपटीच्या जवळ गेला. अभ्यास फार मोठा नाही, त्यामुळे ‘दीडपट’ हा आकडा दगडावरची रेघ समजू नका. पण फायद्याच्या दिशेने एकही खूण नाही आणि तोट्याच्या दिशेने आहे, तर मी ती गोळी माझ्या वडिलांना दिली नसती.

व्हिटॅमिन ई नंतरही नको म्हणालो त्याला आणखी एक कारण आहे. अमेरिकेत २००१ मध्ये सुरू झालेल्या ३५,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त निघाला. त्याआधी फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,००० पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुफ्फुसाचा कर्करोग वाढला. वडील ६३ वर्षांचे पुरुष आहेत आणि कालपरवापर्यंत विडी ओढत होते. दोन्ही अभ्यास जणू त्यांनाच समोर बसवून केल्यासारखे आहेत.

असं उलटं का व्हावं? कारण गाठीच्या पेशीलाही फ्री रॅडिकलचा त्रास होतो, किंबहुना जास्तच होतो. ती धावतपळत वाढत असते, तिच्या आत कायम धुमसत असतं. निरोगी पेशीत एनआरएफ-टू नावाचं एक प्रथिन असतं. एरवी दुसरं एक प्रथिन, कीप-वन, त्याला धरून ठेवतं आणि मोडीत काढतं. ताण वाढला की कीप-वनची पकड सुटते, एनआरएफ-टू केंद्रकात जाऊन ग्लुटाथायोनसारखी संरक्षणाची सगळी यंत्रणा चालू करतं, आणि काम झालं की पुन्हा पकडलं जातं. मूत्राशयाच्या काही कर्करोगांत या प्रथिनाच्या जनुकातच बिघाड असतो आणि ते कायम सुटलेलं राहतं. म्हणजे गाठ स्वतःच स्वतःला अँटिऑक्सिडंट पाजत असते, आणि अशा पेशींवर सिस्प्लॅटिन या किमोच्या औषधाचा परिणाम कमी होतो. स्वीडनमध्ये २०१४ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगात व्हिटॅमिन ई आणि एन-असेटिल सिस्टीन ही अँटिऑक्सिडंट दिल्यावर फुफ्फुसातल्या गाठी भराभर वाढल्या, कारण ताण कमी झाला तसं बिघडलेल्या पेशीला अडवणारं पी-५३ हे प्रथिनही ढिलं पडलं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. पण माणसांतले निकालही त्याच बाजूला झुकतात.

आमचे उपचार तर चक्क काट्याने काटा काढतात.

बीसीजीचंच उदाहरण घ्या. क्षयाची हीच लस १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांच्या मूत्राशयात आठवड्याला एक अशी सहा वेळा सोडली. सहाच का, तर लसीच्या खोक्यात सहा बाटल्या येत, असं सांगतात. पन्नास वर्षं होत आली, आम्ही अजून सहाच देतो. हे जिवंत जंतू अस्तराला चिकटतात, पेशींच्या आत शिरतात आणि शरीराची फौज तिथे ओढून आणतात. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या पेशींचं हत्यारच मुळी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि नायट्रिक ऑक्साइड. बीसीजीमुळे खुद्द गाठीच्या पेशीतही ऑक्सिडेशनचा मारा सुरू होतो, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. डोसनंतर दोन दिवस वडिलांना जळजळ होईल, दर तासाला जावं लागेल, अंग कसकसेल. ही जी आग आहे तीच औषध आहे. तिच्यावर ग्लुटाथायोन ओतण्यात काय हशील?

मायटोमायसिन हे पिशवीत सोडायचं दुसरं औषध. त्याचा रेणू पेशीच्या आत गेल्यावर रूप बदलतो. ऑक्सिजन असेल तर फ्री रॅडिकल सोडतो, नसेल तर डीएनएच्या दोन धाग्यांना टाके घालतो. रेडिएशन, ज्याला आपल्याकडे शेक म्हणतात, तेही बरंचसं काम पाण्याच्या रेणूंपासून रॅडिकल तयार करूनच करतं, आणि त्याला ऑक्सिजनची साथ लागते. ब्रिटनमध्ये ३३३ रुग्णांना शेक देताना अर्ध्यांना जास्त ऑक्सिजनची हवा हुंगायला दिली आणि सोबत निकोटिनामाइड हे बी गटातलं जीवनसत्त्व दिलं. तीन वर्षांनी शंभरातले ४६ ऐवजी ५९ जिवंत होते. म्हणजे ऑक्सिडेशन वाढवल्यावर रुग्ण जास्त जगले. १९९३ मध्ये कॅनडाने मूत्राशयासाठी प्रकाशाने चालणाऱ्या उपचाराला परवानगी दिली होती. त्यातही औषध गाठीत साठवून उजेड टाकायचा आणि पेटलेल्या ऑक्सिजनने पेशी मारायच्या, हीच युक्ती. त्रास जास्त झाल्याने तो उपचार फारसा रुळला नाही.

संरक्षण देणारं औषध कधीच चालत नाही असं मात्र नाही. सायक्लोफॉस्फामाइड नावाच्या किमोमुळे लघवीत अ‍ॅक्रोलीन नावाचं दाहक रसायन उतरतं आणि मूत्राशय आतून सोलवटतं. तिथे मेस्ना हे औषध दिलं की ते लघवीतच अ‍ॅक्रोलीनला पकडतं आणि गाठीपर्यंत पोचून तिला वाचवत नाही. शत्रू कोण, जागा कुठली, वेळ कोणती हे ठरलेलं आहे. बाटलीवर ‘संपूर्ण शरीराचं रक्षण’ लिहिलेल्या गोळीला यातलं काहीच ठाऊक नसतं. ती गाठीचंही रक्षण करते.

व्हिटॅमिन सीबद्दल वेगळं लिहितो, कारण ते निरुपद्रवी समजून लोक रोज ग्रॅमभर घेतात. लघवीत रक्त आहे का हे पाहायला जी पट्टी बुडवतात, तिच्यावरचा चौकोन रक्तातल्या हीममुळे पेरॉक्साइडची क्रिया होऊन हिरवा-निळा होतो. लघवीत व्हिटॅमिन सी भरपूर असेल तर ते मध्येच ती क्रिया थांबवतं. रक्त असूनही पट्टी पिवळीच राहते. ज्या आजारात रक्त हीच पहिली खूण आहे, त्यात हे किती महागात पडेल पाहा. तेव्हा सीच्या गोळ्या घेतल्या असतील तर तपासणीआधी सांगा, आणि लॅबला सूक्ष्मदर्शकाखालीही बघायला सांगा. शिरेतून मोठ्या डोसने सी देणारी क्लिनिकं निघाली आहेत. त्या प्रमाणात ते अँटिऑक्सिडंट राहतच नाही, उलट पेरॉक्साइड तयार करतं. मूत्राशयाच्या कर्करोगात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात.

जेवणाची चिंता करू नका. आवळा, पेरू, पालेभाजी, भाजीतली हळद, सगळं चालतं, हे आकडे मोठ्या डोसच्या गोळ्यांचे आहेत, ताटातल्या कोशिंबिरीचे नाहीत. फक्त बीट खाल्ल्यावर लघवी लालसर झाली तर रात्री अकराला फोन करू नका. हे अनुभवाने लिहितोय. ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ नावाची महागडी रक्ततपासणी कोणी सुचवली तर पैसे वाचवा. तिचा आकडा काहीही आला तरी उपचारात बदल होत नाही.

डोसच्या दिवसाचं आता. लस ४० मिलिग्रॅमच्या बाटलीत येते, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचीही आहे. फ्रिजमधून आणताना थंड पेटी लागते. चार तास आधीपासून पाणी कमी प्यायचं, औषध दोन तास आत धरायचं. नंतरचे सहा तास बसून लघवी, आणि प्रत्येक वेळी संडासात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबून मग पाणी. लघवी लाल असेल किंवा नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी डोस घ्यायचा नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचं अँटिबायोटिक कोणी लिहून दिलं तर आधी आम्हाला विचारा, ते बीसीजीचे जंतूच मारतं. हुडहुडी भरून साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या वर ताप आला आणि दोन दिवसांत उतरला नाही तर थेट हॉस्पिटल. सहा डोसनंतर थांबायचं नसतं. तिसऱ्या महिन्यात दुर्बिणीची तपासणी आणि पुढे तीन-तीन डोसची आवर्तनं, हाय ग्रेडला तीन वर्षांपर्यंत.

या सगळ्याच्या आधी मात्र एक रिपोर्ट बाहेर काढा. बायोप्सीच्या कागदावर ‘मसल प्रेझेंट’, म्हणजे नमुन्यात स्नायू मिळाला, असं लिहिलंय का ते बघा. आणि टी-वन हाय ग्रेडमध्ये दोन ते सहा आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा दुर्बीण घालून खरवडावं लागतं, कारण पहिल्या वेळी मागे राहिलेली गाठ तिथे बऱ्याचदा सापडते. काहींची तर स्नायूत शिरलेलीही निघते आणि मग उपचारच बदलतो. तुमच्या मजकुरात या दुसऱ्या खरवडण्याचा उल्लेख नाही. झालं नसेल तर बीसीजीची पहिली बाटली फोडण्याआधी तुमच्या डॉक्टरांना तेवढं विचारा.